नाक्यावर अडलेले फोटो

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, माझा आग्रह नाही. नगरला माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिवसभर ग्रीसमध्ये हात. भुताखेतांच्या नादी लागायला मला वेळ नाही. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजाऱ्याची मी दहा वर्षं टिंगल केली.

आता करत नाही.

आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हतं बरं का. सगळं दिवसाउजेडी घडलं, फार तर दिवेलागणीला. तारीख १२ मार्च २०२५, बुधवार. रमजानचा अकरावा रोजा. जागा... खर्ड्याच्या पुढचा माळ, तालुका जामखेड.

मेहरीन शेख ही माझ्या बायकोची, रुपालीची, कॉलेजातली मैत्रीण. मला भाऊजी म्हणते. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते तिच्या तोंडून ऐकलंय, आणि ती बाई मीठ-मसाला लावून बोलणारी नाही. सरळ मार्गानं जाणारी. त्या सरळपणानंच तिचा घात केला, असं मला वाटतं.

मेहरीन एका बियाणं कंपनीत कामाला. कंपनीचं नाव सांगत नाही. नगरमध्ये ऑफिस, मालक पुण्याला. अकरा हजार शेतकऱ्यांचे आधार नंबर, सातबारे, कुठल्या गटात कुठलं बी टाकलं, सगळी माहिती त्यांच्याकडं. पण ती माहिती काही ऑफिसच्या कपाटात नसते. ती असते क्लाऊडवर, म्हणजे लांब कुठंतरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. टॅब उघडला की जामखेडचा पोरगाही ती बघू शकतो आणि श्रीगोंद्याचाही.

मग चोरी झाली तर?

त्यासाठी मेहरीनच्या हाताखाली एक सिस्टिम होती. क्लाऊड ॲक्सेस सिक्युरिटी ब्रोकर. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून ऑफिसात सगळे तिला 'नाकेदार' म्हणायचे. पूर्वी जकात नाक्यावर माणूस बसायचा ना, तसाच हा. कोण आलं, कुठून आलं, पोत्यात काय आहे, कुठं चाललंय... सगळं बघणार. कंपनीची फाईल कुणी स्वतःच्या खासगी मेलवर पाठवायला गेला, की नाकेदार ती अडवणार, कुलपाच्या पेटीत टाकणार आणि मेहरीनच्या स्क्रीनवर एक ओळ उमटवणार.

काम चोख. नाकेदार आल्यापासून एक कागद बाहेर गेला नव्हता.

पण दिवसाला दीडदीडशे ओळी यायच्या. फिल्डवरची पोरं पिकाचे फोटो हौसेनं स्वतःला पाठवायची, आणि हे सगळं अडायचं. रमजानात मेहरीन इफ्तारसाठी साडेपाचलाच उठायची. उठण्याआधी दिवसभराच्या किरकोळ ओळी एकदम निवडायच्या आणि 'पाहिलं' हे बटण दाबायचं.

न पाहता.

सगळीकडं असंच करतात, ती म्हणते. खरंही असेल.

तिचा धाकटा भाऊ अझीम त्याच कंपनीत फिल्ड ऑफिसर होता. सव्वीस वर्षांचा, हसरा, घरी आला की आईच्या मांडीवर डोकं टाकून लोळणारा. जामखेडला खोली होती, पण बुधवारी आणि शनिवारी घरी यायचा. बहीण-भाऊ एका कंपनीत म्हटल्यावर लोकांच्या जिभा वळवळतात. म्हणून मेहरीननं त्याला बजावलं होतं, "ऑफिसच्या मेलवर मला घरचं अक्षर पाठवायचं नाही. काय सांगायचं ते माझ्या खासगी मेलवर." पोरगं ऐकायचं. त्यामुळं त्याच्या टॅबमध्ये पाठवायच्या यादीत पहिलं नाव दिसायचं ते 'आपा', म्हणजे ताई. खासगी पत्ता.

त्या बुधवारी अझीम घरी आला नाही.

इफ्तारचं ताट झाकून ठेवलं. मोबाईलवर रिंग जात होती, उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं, मोबाईल गाडीच्या डिकीत आहे आणि गाडी खर्डा रोडला एका चहाच्या टपरीपाशी उभी आहे.

अझीम मात्र कुठंच नाही.

या फिल्डच्या पोरांची एक खोड असते. कुठल्या शेतकऱ्याकडं जाणार ती यादी आदल्या दिवशीच भरून टाकतात आणि मग मनाला येईल तिकडं फिरतात. यादीत होतं एक गाव, पोलिसांनी शोधलं तेच गाव. तो गेला होता भलतीकडं. कंपनीच्या टॅबमध्ये नुसतं इंटरनेट, त्यावरून फोन लागत नाही. त्या टॅबचं लोकेशन मागवायचा अर्ज पोलिसांकडून कंपनीकडं आणि कंपनीकडून पोलिसांकडं हेलपाटे घालत होता. मेहरीननं नाकेदारात बघितलं. अझीमचं शेवटचं लॉगिन बुधवारी सकाळी दहा पाच. नंतर काही नाही. ज्या ढिगावर आपणच 'पाहिलं' असा शिक्का मारला, तो ढीग परत उपसायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

आठ दिवस गेले.

लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणे पोरगं माहिती घेऊन दुसऱ्या कंपनीला मिळालं. म्हणे बहीणच राखणीला, मग काय, कुंपणच शेत खातंय. मेहरीन ऐकायची आणि घरी येऊन आईपुढं हसरं तोंड करायची. तिची आई, बानूचाची, रोज इफ्तारला एक ताट जास्तीचं वाढायची. दोन खजूर, कलिंगडाची फोड, भजी. "वाटंत आसंल," एवढंच म्हणायची.

एकवीस मार्च, शुक्रवार. मेहरीनच्या वरिष्ठ राजनंदिनी मॅडम पुण्यात होत्या. त्यांचा फोन आला.

"मेहरीन, अझीमचं खातं आता बंद करावं लागेल. नियम सात दिवसांचा आहे."

"मॅडम, तेवढं करू नका. कुठूनही त्यानं टॅब उघडला तर नाकेदाराला कळेल. मला दुसरा काही आधार नाही."

त्या ऐकत नव्हत्या, ही सोडत नव्हती. बोलता बोलता उशीर झाला. घरी पोचणं शक्य नव्हतं, म्हणून मेहरीननं टेबलावरच एक खजूर काढून ठेवला. बाहेर अजान झाली. तिनं खजूर तोंडात घातला...

आणि स्क्रीनवर ओळ उमटली.

'अझीम शेख. फोटो, एक. खासगी पत्त्यावर. अडवलं. सहा पंचेचाळीस.'

घास तसाच तोंडात ठेवून तिनं फोन उचलला.

पहिला फोन तिनं रुपालीला केला. मी शेजारीच होतो, फोनमधून किंकाळी ऐकू आली. "अझीम जिवंत आहे गं! माझा अझीम जिवंत आहे!"

मग तिनं जुना ढीग उपसला.

एक नाही. अकरा ओळी. बारा तारखेला दोन, तेराला एक, आणि चौदापासून रोज एक. सगळ्या तिच्याच खासगी पत्त्यावर निघालेल्या. सगळ्या अडवलेल्या. दहांपुढं 'पाहिलं' असा शिक्का. शिक्का मारणारीचं नाव... मेहरीन शेख.

 

पेटी उघडायला दोन जणांची परवानगी लागते, तिची आणि राजनंदिनी मॅडमची. एकट्या माणसाच्या हातात सगळं नको, म्हणून हा नियमही मेहरीननंच केलेला.

"तुझ्या भावाच्या नावानं अकरा फाईली बाहेर निघाल्यात," मॅडम म्हणाल्या, "तुझ्याच घरच्या मेलवर. आणि तू मला सांगतेस पेटी उघडा?"

"मॅडम, तो जिवंत आहे. आत्ता त्यानं पाठवलंय."

"जिवंत आहे तर कुणाचा तरी फोन मागून घरी फोन का करत नाही?"

"ते पेटी उघडल्यावर कळेल, मॅडम."

"सोमवारी पोलिसांसमोर उघडू."

मेहरीननं त्यांना चौदा वेळा फोन केला. रडली, भांडली, शिव्याही दिल्या म्हणे. मेहरीननं शिव्या दिल्या यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पण शनिवारी सकाळी आठला मॅडम स्वतः गाडी घेऊन पुण्याहून नगरला आल्या. मेहरीनसोबत मी आणि रुपाली होतो.  मॅडम सरळ खुर्चीत बसल्या, परवानगी दिली. "पहिल्या तीन. बास."

पहिला फोटो उघडला.

सगळा काळा. मधोमध उजेडाचा एक गोल, भाकरीएवढा. गोलाच्या कडेला तुटून लोंबणाऱ्या काट्यांच्या फांद्या... आणि एका फांदीला सुगरणीचं घरटं.

"विहीर," मी म्हणालो. "विहिरीच्या तळातनं काढलाय."

दुसऱ्यात तोच गोल, संध्याकाळचा. तिसऱ्यात सकाळचा. तिसरा हललेला होता.

फोटोखाली वेळ होती. पहिला, बारा तारखेला दुपारी चार दहा. मेहरीन त्या आकड्याकडं बघत राहिली. त्याच दिवशी साडेपाचला तिनं सगळ्या ओळी एकदम निवडून बटण दाबलं होतं. तेव्हा तो दीड तास त्या विहिरीत होता. फाईल अडली की पाठवणाऱ्याच्या टॅबवर एक सूचना येते. पोरांना इंग्रजी कळत नाही म्हणून ती मराठीत मेहरीननंच लिहिली होती. 'ही फाईल बाहेर पाठवता येणार नाही. काळजी नको, फाईल सुरक्षित आहे.'

विहिरीत पडलेल्या माणसाला हे वाचायला मिळालं होतं. तीनदा.

मॅडमनी तोंडावर हात धरला. मेहरीन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, गाडी काढा. काल संध्याकाळपर्यंत जिवंत होता तो."

मी गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत. खर्ड्याकडच्या फिल्डच्या पोरांना निघतानाच फोटो पाठवला होता, त्यांनी तो शेतकऱ्यांना दाखवला होता. आम्ही पोचलो तेव्हा किल्ल्याच्या अलीकडं छगन नावाचा शेतकरी पोलिसांबरोबर थांबला होता.

"ताई, ह्यो आड माझ्या आज्याच्या येळचा," तो म्हणाला. "पानी आटलं तवापासनं काट्या टाकून झाकलाय. तिकडं कोन जात न्हाई. त्याच्या पल्याड माझा बियान्याचा कांदा हाय, गोंडं लई भारी आल्यात. त्येचा फोटू काढाया गेलं आसंल पोरगं."

दोन किलोमीटर माळ तुडवला. मेहरीन पुढं पळत होती, चप्पल कुठं गेली तिचं तिला भान नव्हतं. आडाच्या तोंडाशी जाऊन ती पालथी पडली आणि खाली ओरडली.

"अझीम! आपा आली रे! अझीम!"

खालून काही नाही.

घरट्यातली सुगरण तेवढी चिवचिव करत होती. छगननं माझ्याकडं बघितलं आणि टोपी काढली. वास त्याला आधीच आला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय मोडलेला, पाण्याचा थेंब नाही. तेरा तारखेला गेला असणार. आठ-नऊ दिवस झालेत.

"नाही," मेहरीन म्हणाली. "काल त्यानं मला फोटो पाठवला."

 पोलिसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला टॅब दाखवला. काच तडकलेली. आत माती. पार बंद पडलेला.

शवविच्छेदन उरकून जामखेडहून निघायला सव्वासहा झाले. पुढं ॲम्ब्युलन्स, मागं माझी गाडी. आष्टीच्या जवळ रोजा सोडायची वेळ झाली, मेहरीननं पाणीसुद्धा घेतलं नाही. एकदा मात्र ती मागं वळून काचेतून बघत राहिली. मी आरशात पाहिलं. मागं रस्ता रिकामा होता.

त्या रात्री दफन झालं.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

कबरीवरची तिसऱ्या दिवशीची जियारत उरकली आणि मंगळवारी मेहरीन ऑफिसात गेली. राजनंदिनी मॅडमनी न विचारता उरलेल्या सगळ्या फोटोंना परवानगी देऊन टाकली होती. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असावी. दुपारी मेहरीनचा मला फोन आला.

"भाऊजी, इकडं या. एकट्यानं या. रुपालीला आणू नका."

गेलो. ती खुर्चीत ताठ बसली होती.

"चौदा तारखेचा," ती म्हणाली आणि एक फोटो उघडला.

आडाचं तोंड. पण वरून. काठावर उभं राहून खाली बघत काढलेलं.

मला वाटलं माझी बघण्यात चूक होतेय.

पंधरा. छगनचं खोपट. सोळा. खर्ड्याचा किल्ला, लांबून. सतरा, अठरा, एकोणीस... डांबरी रस्ता. जामखेडची वेस. सगळे फोटो डावीकडं कललेले, लंगड्या माणसानं हातात धरून काढावेत तसे. आणि एकाही फोटोत माणूस नाही. जामखेडच्या रस्त्यावर इफ्तारच्या वेळी एक माणूस नाही, एक कुत्रं नाही.

"वेळ बघा," मेहरीन म्हणाली. मशिदीत मिळालेलं रमजानचं वेळापत्रक तिनं पुढं ठेवलं. रोजा सोडायची वेळ दर चार-पाच दिवसांनी एक मिनिट पुढं सरकते. फोटोंच्या वेळाही तशाच सरकत होत्या. मिनिटाचा फरक नाही.

"बावीसचा बघायचाय?"

मी नको म्हणायला हवं होतं.

आष्टीजवळचा रस्ता. एक ॲम्ब्युलन्स पुढं निघून चाललेली. तिच्या मागं पांढरी गाडी. नंबर स्पष्ट...

माझी गाडी.

मागच्या काचेतून मेहरीनचा चेहरा दिसत होता. वळून थेट फोटो काढणाऱ्याकडं बघत होती.

 आम्ही त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून घरी आणत होतो, आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहून आम्हाला जाताना बघत होता.

"मागं का पाहिलं होतंस?" मी विचारलं.

"कुणीतरी 'आपा' म्हणालं असं वाटलं."

बावीस तारखेला तो टॅब जामखेडला पोलिसांच्या कपाटात होता. मी स्वतः फोन करून विचारलं. पिशवीला सील होतं.

"चालत येतोय भाऊजी," मेहरीन म्हणाली. तोवर धरून ठेवलेलं रडू आता फुटलं. "मोडक्या पायानं चालत येतोय. आपण त्याला आणलंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

त्या दिवशी संध्याकाळी कडा गावाचा फोटो आला. पुढं चिचोंडी पाटील. मग निंबोडी. रोज सात-आठ किलोमीटर. मेहरीन रोज संध्याकाळी ऑफिसात थांबायची, मॅडम लांबून परवानगी द्यायच्या, फोटो उघडायचा. तिनं आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तरी बानूचाचीनं जास्तीचं ताट बंद केलं नाही. कुणी समजवायला गेलं तर म्हणायची, "पायी येनाऱ्याला येळ लागतो." पायी, हे तिला कुणी सांगितलं, ते आम्ही विचारलं नाही.

आणि अठ्ठावीसला पुण्याहून फर्मान आलं.

मार्चअखेरची तपासणी होती. मेलेल्या माणसाचं खातं चालू, त्यावरून रोज फाईल बाहेर जायला बघतेय, हे वरच्यांच्या नजरेला आलं. एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला खातं पुसून टाकायचं. पुण्याहूनच. मेहरीनच्या हातात काही ठेवलं नाही.

ते सांगायला राजनंदिनी मॅडम नगरला आल्या, तेव्हा मेहरीननं त्यांचे पाय धरले. शब्दशः धरले. मॅडमही रडत होत्या.

"मेहरीन, जरा विचार कर. अझीम गेला. त्याच्या नावानं दुसरंच कुणीतरी आत येतंय. हेच अडवायला आपण नाकेदार आणला ना? अकरा हजार शेतकऱ्यांची माहिती आहे गं."

"चोर असता तर आमच्या घराकडं कशाला आला असता?"

"ते मला माहीत नाही."

"मॅडम, एक दिवस. एक दिवस जास्त द्या. तो पोचत आलाय."

मॅडमनी पुण्याला विचारलं. पुण्यानं नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं, आणि तेच मला खातं.

तीस तारखेला, चाँदरातीला, फोटो आला तो त्यांच्या गल्लीच्या तोंडाचा. मुकुंदनगरची गल्ली, कोपऱ्यावरची बेकरी, बेकरीसमोर गर्दी असायची वेळ. एक माणूस नाही.

घर तिथून साठ पावलं.

एकतीसला ईद. दुखवट्याचं घर, नवे कपडे नाहीत, काही नाही. मी आणि रुपाली दुपारीच जाऊन बसलो. बानूचाचीनं तरी वाटीभर शीरखुर्मा केलाच. मेहरीननं लॅपटॉप पुढ्यात घेतलेला. पाचपासून ती पुण्याला फोन लावत होती. "एक तास द्या हो. फक्त एक तास. सातला पुसा." पलीकडचा माणूस सभ्य होता, सॉरी मॅडम, सॉरी मॅडम म्हणत होता.

सहा वाजले.

स्क्रीनवरून अझीमचं नाव गेलं. एवढंच. आवाज नाही, काही नाही.

मेहरीननं लॅपटॉप मिटला नाही. उठून तिनं घराचं दार सताड उघडलं, पल्ला भिंतीला टेकवला, खाली दगड लावला. बानूचाची ताट घेऊन दारासमोर बसली. आम्ही चौघं रस्त्याकडं बघत बसलो. बाहेर पोरं नव्या कपड्यांत हुंदडत होती.

अजान झाली. सहा सत्तेचाळीस.

बाहेरची पोरं... गप्प झाली. सगळी. एकदम.

आणि दार वाजलं.

एकदाच. हळू. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

दार उघडं होतं हो! मी समोरच बसलो होतो. पल्ला भिंतीला टेकलेला मला दिसत होता. दारात कुणी नव्हतं. तरी वाजलं. रुपालीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

बानूचाची मात्र हसली. किती दिवसांनी हसली ती.

"ये की रं बाळा," ती म्हणाली. "दार उघडंच हाय."

आम्ही वाट बघितली.

कुणी आत आलं नाही.

लॅपटॉपवर एक ओळ उमटली होती. 'अझीम शेख. प्रवेश नाकारला.'

त्यानंतर रोज. अजानच्या मिनिटाला तिकडं स्क्रीनवर ती ओळ आणि इकडं उघड्या दारावर एक टकटक. मेहरीननं पुण्याला लेखी विनवण्या केल्या. पुसलेलं खातं परत येत नाही म्हणाले. तिनं त्याच नावाचं नवं खातं काढायचा घाट घातला, तर विचारलं, या नावाचा माणूस कंपनीत आहे का? ती नोकरी सोडत नाही. सोडली तर ती ओळ दुसऱ्या कुणाच्या स्क्रीनवर जाईल, आणि तो 'पाहिलं' म्हणून मोकळा होईल, ही तिला भीती.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही पुन्हा गेलो होतो. जायचं नव्हतं, पण रुपालीला राहवेना. उठायला उशीर झाला आणि अजान झाली. दार वाजलं. मेहरीनचा लॅपटॉप पुढ्यात होता, ओळ आली. तिनं आईकडं न बघता मान खाली घातली.

तेव्हा बानूचाचीनं तिला विचारलं. रागावून नाही. अगदी सहज.

"मेहरीन, तू तिथंच कामाला हायेस न्हवं? नाक्यावर तूच बसतीस न्हवं? मग माझ्या लेकराला आत घे की गं."

 मेहरीन ओठ चावत राहिली, रक्त येईपर्यंत.

आम्हाला घरी जायचं होतं. मी चप्पल घालून उभा राहिलो, रुपाली माझ्या मागं. पण दारातून बाहेर पाय टाकवेना. त्या घराला दार एकच आहे, आणि त्या दारात कुणीतरी उभं आहे हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

शेवटी आम्ही दोघं भिंतीला घासून, अंग चोरून, एका बाजूनं निघालो.